मापात पाप



कोकणात आपले पूर्वज तेलाचा घाणा चालवीत व शब्बाथला तो बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत, हे आपण जाणतोच. तेल्याची पत त्याच्या मापावर. थैलीत जड व हलकी अशी दोन वजने बाळगू नयेत, ही तोराची आज्ञा. आणि मापात पाप नसावे, ही मराठी मुलखाची शिकवण. परंतु माप केवळ तेला-धान्यालाच लागते असे नाही. लोकांच्या जीविताचे रक्षण करणाऱ्या पोलीस खात्यालाही ते लागते. जपानमधील दोन उदाहरणे या दृष्टीने बोधप्रद आहेत.

१९७० साली जपानच्या रस्त्यांवर १६,७६५ माणसे अपघातांत दगावली. या संहाराला तेथे ‘वाहतूक-युद्ध’ असे नाव पडले होते. त्याच वर्षी वाहतूक सुरक्षिततेचा मूलभूत कायदा झाला व १९७१ पासून पंचवार्षिक योजना सुरू झाल्या. बळींची संख्या कोठवर खाली आणावयाची, हे आधी ठरवावयाचे. अपघात कोठे, केव्हा व कसा झाला याची नोंद ठेवावयाची. आणि तीवरून उपाय योजावयाचे, अशी ही रीत. १९७९ साली संख्या ८,४६६ झाली. २०२४ साली ती २,६६३ होती. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पूर्वी अपघातानंतर चोवीस तासांत मरण पावलेल्यांचीच गणती होई. तिसऱ्या दिवशी रुग्णालयात प्राण सोडणारा हिशेबाबाहेर राही. १९९३ पासून तीस दिवसांत मृत्यू पावलेल्यांचीही निराळी गणती ठेवण्यात येऊ लागली. आकडा मोठा दिसला, पण माप अधिक खरे झाले.

दुसरे उदाहरण ओसाकाचे. रस्त्यावरील गुन्ह्यांत हा प्रांत देशात अग्रेसर, अशी त्याची अपकीर्ती होती व ती पुसून टाकण्याचा निर्धार झाला होता. पुढे २०१४ साली उघडकीस आले, की २००८ ते २०१२ या पाच वर्षांत सुमारे ८१,००० गुन्हे तेथील पोलिसांनी सरकारी आकडेवारीत दाखविलेच नव्हते. त्यांत सायकलचोरीसारख्या चोऱ्याच फार होत्या. गुन्हे घटले नव्हते. कागद तेवढा स्वच्छ झाला होता.

आम्हां शिक्षकांना याचे नवल वाटू नये. शाळेचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून कच्च्या विद्यार्थ्यांना परीक्षेलाच बसू न देण्याची युक्ती आम्ही एका शाळेत डोळ्यांनी पाहिली आहे. निकाल उत्तम लागला. मुले मात्र घरी बसली. त्या वेळी आम्ही गप्प राहिलो, ही खंत आजही मनात आहे.

मग आकडे टाकून द्यावेत काय? मुळीच नाही. आकड्यांवाचून जपानने एवढे प्राण वाचविले नसते. परंतु ज्याची परीक्षा घ्यावयाची, त्याच्याच हाती तराजू देऊ नये. नोंद बाहेरच्या माणसाने तपासावी, फिर्यादी लोकांना विचारावे, आणि खरा पण वाईट आकडा सांगणाऱ्या अधिकाऱ्यास शासन होऊ नये. प्रामाणिकपणे तक्रारी लिहून घेणारे ठाणे कागदावर नेहमीच अधिक गुन्ह्यांचे दिसणार!

यात आपलाही वाटा आहे. परक्या मुलखात, नव्या भाषेत तक्रार लिहून देण्याचा आपल्या वडीलधाऱ्यांना संकोच वाटतो. “जाऊ द्या, सायकलच ती!” असे म्हणून आपण घरी परततो. पण जे लिहिले गेले नाही, ते मोजले जात नाही. आणि जे मोजले गेले नाही, त्याची दाद लागत नाही. म्हणून घरातील तरुणांनी वडीलधाऱ्यांबरोबर जावे, तक्रार नोंदवावी व तिची लेखी पोच मागून घ्यावी. माप पुरे भरून घेणे हेही धर्माचेच काम आहे.