पाय घसरला, कीं फळीच नव्हती?

वर्तमानपत्राच्या आंतल्या पानावर, जाहिरातींच्या कडेला, चार ओळींची एक बातमी वर्षभर अधूनमधून येत असते. गांवाचें नांव बदलतें, वय बदलतें. मजकूर बदलत नाहीं. अमुक ठिकाणीं इमारतीचें काम चालू असतां मजुराचा पाय घसरला, तोल जाऊन तो खालीं पडला, दवाखान्यांत नेण्यापूर्वींच मरण पावला, पोलिसांत आकस्मिक मृत्यूची नोंद झाली. संपलें. आमचा वाचक हळहळतो, "त्याची दोरीच तेवढी होती" म्हणतो आणि पान उलटतो. आम्हांस आज या चार ओळींविषयीं बोलावयाचें आहे. पाय तर रोजच घसरतो. ओट्यावर घसरतो, शेताच्या बांधावर घसरतो, आणि माणूस धूळ झटकून उठतो. पंधरा फुटांवर घसरलेल्या पायाखालीं पुरती फळी होती काय, कमरेच्या उंचीवर आडवा बांबू होता काय, हें कोणीं विचारलें? विचारलें नसेल, तर सगळा दोष मेलेल्या माणसाच्या पायावर ढकलून आपण मोकळे कसे होतों?

आम्ही खेड्यांत मुलें शिकविणारे लोक. गवंडी, सेंट्रिंगवाले, रंगारी, पत्रे बसविणारे, बिगारी यांचीं मुलें आमच्या पटावर असतात. बाप परांचीवरून पडला कीं तें आम्हांस हजेरीपटांत दिसतें. बाप गेला तर मूल कांहीं दिवस येत नाहीं, मग येतें. पण तो कमरेंतून मोडून अंथरुणास खिळला, तर थोरली मुलगी हळूहळू शाळेंतून नाहींशी होते. आई मजुरीस जाते आणि बापाला पाणी देण्यास घरीं कोणी तरी लागतें. थोरला मुलगा दहावीच्या आधींच त्याच मुकादमाच्या हाताखालीं त्याच परांचीवर चढतो. बहुजन समाजांत शिक्षण वाढावें म्हणून आमची मंडळी सभा भरवितात, ठराव करितात, तें योग्यच आहे. परंतु एका सुटलेल्या फळीनें एका घरांतील दोन मुलांची शाळा सुटते, हाही शिक्षणाचाच प्रश्न आहे.

"मी तोल सांभाळीन, माझ्या पायाखालचें काम आहे," असें जुना गवंडी म्हणतो. त्याच्या कसबाविषयीं आम्हांस आदर आहे. पण गणित कसबाला जुमानीत नाहीं. वीस फुटांवरून सुटलेला माणूस सव्वा सेकंदाच्या आंत जमिनीवर येतो, आणि त्या वेळीं त्याचा वेग ताशीं सुमारें ३९ किलोमीटर असतो. म्हणजे भरधांव सायकलीच्याही पुढचा, आणि तोही डोक्यावर किंवा पाठीवर. सव्वा सेकंदांत "अरे" एवढाच शब्द होतो. तोल सांभाळण्याची वेळ पडण्यापूर्वींची असते, आणि ती परांची बांधणाऱ्याच्या हातीं असते.

नशिबाची गोष्ट निघाली म्हणून दूर देशाचें एक उदाहरण देतों. अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्को येथें १९३३ ते १९३७ या काळांत गोल्डन गेट नांवाचा प्रचंड पूल झाला. त्या काळीं तिकडील कंत्राटदारांत एक हिशेब रूढ होता: दहा लाख डॉलर खर्चामागें एक मरण. पूल सुमारें साडेतीन कोटींचा. म्हणजे पस्तीस माणसें मरावयाचीं हें जणूं अंदाजपत्रकांतच धरलेलें! मुख्य अभियंता जोसेफ स्ट्राउस यांनीं तसें धरलें नाहीं. त्यांनीं डोक्यावर कठीण टोप्या सक्तीच्या केल्या आणि पुलाच्या खालीं दोरखंडाचें अखंड जाळें ताणविलें. त्या जाळ्यानें १९ माणसें झेललीं. हे १९ जण कोणत्याही देवाचे विशेष लाडके नव्हते. त्यांच्याखालीं जाळें होतें एवढेंच. पुढें १७ फेब्रुवारी १९३७ रोजीं एक अवजड परांची तुटली, ती जाळें फाडून खालीं गेली व १० माणसें गेलीं. पुलाच्या कामांत एकूण मेले ११. पस्तिसांचे अकरा झाले ते कोणत्या ग्रहामुळें?

आपल्याकडे १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूर तालुक्यांत समृद्धी महामार्गाच्या पुलावर तुळई बसविणारें यंत्र कोसळलें व २० माणसें मेलीं. तेव्हां मंत्री धांवले, चौकशी लागली, मदत जाहीर झाली. वीस एकदम मेले म्हणजे राज्य हलतें. एकेक करून मेले म्हणजे चार ओळी येतात. आणि आमच्या कोल्हापुराकडे मरण येतें तें बहुधा एकेक करूनच. येथें चाळीस मजल्यांचे मनोरे नाहींत. येथें आहे दुमजली घर, नाहीं तर तीन मजल्यांची बांधणी, गिलावा, रंग, टाकी. पंचगंगेचे २०१९ व २०२१ चे महापूर पाहिल्यापासून नदीकांठच्या माणसाला वरचा मजला हवासा वाटतो, आणि त्यांत गैर कांहीं नाहीं. उन्हाळ्याच्या अखेरीस शाकारणी असते. कौलें परतण्यासाठीं घरचाच कोणी तरी अनवाणी छपरावर चढतो. गोकुळ शिरगांव, शिरोली, कागलकडील कारखान्यांत आणि इचलकरंजीच्या मागांच्या शेडवर सिमेंटचे पत्रे आहेत. वळवानें पत्रा उडाला किंवा गळूं लागला कीं "जरा बघून ये" म्हणून एक पोर वर चढवितात. हा सिमेंटचा पत्रा मोठा दगाबाज. वरून दगडासारखा दिसतो, पण उन्हापावसानें जुना झाला म्हणजे माणसाचें वजन घेत नाहीं. पाय पडतो तेथेंच फुटतो आणि माणूस सरळ खालच्या यंत्रावर जातो. येथें पाय घसरतच नाहीं, तरी बातमी तीच येते!

आतां कायद्याकडे पाहूं. बांधकाम मजुरांसाठीं संसदेनें १९९६ सालीं स्वतंत्र कायदा केला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो नव्या श्रमसंहितांत सामावला गेला. पण जुन्यांत आणि नव्यांत एक वाट सारखीच मोकळी राहिली. दहांहून कमी मजूर असलेलें काम, आणि स्वतःच्या राहण्यासाठीं चाललेलें लहान घराचें काम, हीं या तरतुदींच्या बाहेर आहेत. खेड्यांतलें आणि उपनगरांतलें घर बहुधा याच वाटेनें सुटतें. तेथें तपासनीस येत नाहीं आणि येणारही नाहीं. तेथें मालक कोण? कोणी परका शेटसावकार नव्हे. मालक आमचा वाचक आहे. मास्तर आहे, दूध संघांतला कारकून आहे, उंसाचें बिल आल्यावर घर बांधणारा शेतकरी आहे, मुंबईहून निवृत्त होऊन आलेला गिरणी कामगार आहे. भांडवलवाल्यांच्या निष्काळजीपणावर आपण तासभर बोलूं. पण आपल्या अंगणांतील परांची कशानें बांधली आहे हें आपण वर मान करून पाहिलें आहे काय? स्लॅबच्या दिवशीं नारळ फुटतो, पेढे वाटले जातात, वास्तुशांतीला पांचशें पानें उठतात. फळ्यांना मात्र पैसा नसतो.

त्याचें कारण केवळ कंजूसपणा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. काम देण्याची रीतच तशी आहे. गिलावा असो, रंग असो, काम चौरस फुटाच्या दरानें दिलें जातें आणि परांची त्या दरांतच धरलेली असते. तीन मुकादम दर सांगतात. ज्यानें धड परांची, पुरत्या फळ्या, कठडा धरला त्याचा दर जास्त येतो आणि काम त्याच्या हातून जातें. ज्यानें कुजक्या बांबूवर आणि मागच्या कामाच्या सुंभावर निभावून नेण्याचें ठरविलें त्याला काम मिळतें. म्हणजे मालकानें न बोलतां, कदाचित् न कळतां, कमी दरानें धोकाच विकत घेतला! कंत्राटदार हा शब्द आमच्या तोंडीं शिवी नाहीं. खुद्द जोतीराव फुले यांनीं बांधकामाचीं कंत्राटें घेतलीं होतीं. पण प्रामाणिक मुकादमाला हरविणारी ही रीत मोडली पाहिजे, आणि ती मालकच मोडूं शकतो. परांची दरांतून बाहेर काढावी. तिचें भाडें व मजुरी मालकानें वेगळी, प्रत्यक्ष होईल तशी द्यावी आणि ठरावाच्या कागदावर तसें लिहावें. मग तीन मुकादमांची चढाओढ कसबाची होईल.

परांची धड म्हणजे काय, हें मालकास ठाऊक नसतें म्हणून थोडें लिहितों. उभे बांबू जमिनींत पुरलेले किंवा पाटावर टेकलेले असावेत, आणि भिंतीशीं जागोजाग बांधलेले असावेत. एकेरी फळीवर माणूस उभा करूं नये. दोन-तीन फळ्या लगत टाकून दोन्ही टोकांस बांधाव्यात. बाहेरच्या बाजूस कमरेइतक्या उंचीवर एक आडवा बांबू आणि त्याच्या निम्म्यावर दुसरा. पावसांत भिजलेला सुंभ पुन्हां वापरूं नये. शिडी बारा फूट उंच टेकावयाची तर तिचा पाय भिंतीपासून तीन फूट असावा, माथा बांधलेला असावा आणि उतरण्याच्या जागेच्या वर हातभर शिल्लक रहावा. जिन्याचें व डक्टचें भोंक पहिल्या दिवसापासून झांकावें. सळ्या गच्चीवर चढवितांना जवळून विजेची तार जाते काय तें पहावें. सिमेंटच्या पत्र्यावर तर फळ्या आडव्या टाकल्याशिवाय कोणीही पाय ठेवूं नये, मग तो मालकाचा मुलगा कां असेना.

आणि पट्टा? पट्टा दिला म्हणजे सुटलों, असा एक नवा समज पसरला आहे. पट्टा नुसता कमरेचा नको, खांदे व मांड्या धरणारा अंगभर हवा. तो अडकवावयाचा कोठें, तर डोक्याच्या वर, पक्क्या खांबाला किंवा तुळईला. परांचीच्याच बांबूला किंवा पाण्याच्या नळाला नव्हे. शिवाय सहा फुटांची दोरी ताणली जाईपर्यंत आणि तिची धक्का शोषणारी घडी उलगडेपर्यंत, अडकविलेल्या जागेखालीं सतरा-अठरा फूट मोकळी जागा लागते. एकमजली घरावर तेवढी उंचीच नसते. दोरी ताणण्यापूर्वींच माणूस जमिनीवर येतो. तेथें फळी आणि कठडा हींच खरीं साधनें. उंच इमारतींत पट्ट्यानें माणूस झेलला, तरी त्याला लोंबकळत ठेवूं नये. पायांत रक्त साचून कांहीं मिनिटांत जिवावर बेततें. त्याला खालीं कसें आणावयाचें हें आधीं ठरलेलें असावें.

मजूरबांधवांसही दोन शब्द. पट्टा बांधणारा भेकड, कठड्याला धरणारा कच्चा, ही थट्टा आपल्यांतच चालते आणि नवीं पोरें तिला बळी पडतात. ताप अंगांत असतां रोज बुडूं नये म्हणून चढणारा आणि दुपारीं घोट घेऊन चढणारा, दोघेही शेजारच्या माणसाचा जीव टांगणीस लावतात. पहिल्याला मुकादमानें त्या दिवशीं खालचें काम द्यावें. दुसऱ्याला घरीं पाठवावें. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीनें १० जून १८९० रोजीं गिरणी कामगारांस रविवारची सुट्टी मिळाली. त्यापूर्वीं तीही "नशिबांत नाहीं" असेंच म्हणत असतील. ती मिळाली, कारण हजारोंनीं एकत्र येऊन मागितली. कठड्यावांचून चढणार नाहीं, असें एका कामावरचे पांच जण एकत्र म्हणूं शकतात. एकट्यानें म्हटलें तर दुसऱ्या दिवशीं नाक्यावर दुसरा उभा असतो.

आणखी एक काम या हंगामांतच होण्यासारखें आहे. राज्याचें इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ आहे. १८ ते ६० वयाचा, वर्षांत ९० दिवस बांधकामावर काम केलेला मजूर तेथें नांव नोंदवूं शकतो, आणि नोंदलेला मजूर कामावर मेला तर वारसास मंडळाकडून ५ लाख रुपयांची मदत आहे. नव्वद दिवसांचा दाखला मुकादम देण्यास कचरतो, कारण सही म्हणजे जबाबदारी असें त्यास वाटतें. पण ग्रामपंचायतीकडूनही तो मिळूं शकतो. दलालाला पैसे देऊन खोटीं नांवें चढविणारे तेथें घुसतात आणि खरा बिगारी रांगेंत रहातो, ही तक्रार आमच्या कानावर वारंवार येते. तेव्हां प्रत्येक गांवच्या शिक्षकांनीं आणि तरुण मंडळांनीं पालकांचे कागद स्वतः भरून द्यावेत. हजेरीपट आपल्या हातीं आहे. कोणाचा बाप परांचीवर चढतो हें आपणांस शोधावयास जावें लागत नाहीं. आणि ग्रामपंचायतींनीं घराच्या कामाची नोंद घेतांना मालकास एवढाच प्रश्न विचारावा, कीं परांचीचे पैसे वेगळे ठरले आहेत काय, आणि त्याचें उत्तर त्याच कागदावर लिहून घ्यावें.