छायाचित्रांचे दप्तर

छायाचित्रणाच्या छंदात आयुष्याचा मोठा भाग घालवलेल्या माणसाला तरुण मंडळींकडून सर्वांत अधिक वेळा जो प्रश्न ऐकावा लागतो, तो "काका, कॅमेरा कोणता घेऊ?" हा होय. आमच्या जबलपुरात राइट टाउन, नेपियर टाउन, गोलबाजार या वस्त्यांतून वाढलेली मराठी मुले हा प्रश्न अर्ध्या मराठीत आणि अर्ध्या हिंदीत विचारतात, आणि त्यामागची उत्कंठा इतकी निर्मळ असते की त्यांना चार शब्दांत वाटेला लावणे मला कधीच प्रशस्त वाटले नाही. एखाद्या यंत्राचे नाव सांगून हा प्रश्न निकालात काढता येईल. परंतु या छंदाने मला काय दिले याचा जमाखर्च मांडायला बसलो, म्हणजे यंत्रांची नावे पहिल्या दोन-चार पानांतच आटोपतात आणि पुढची सारी पाने माणसांनी, घरांनी, रस्त्यांनी आणि ऋतूंनी भरलेली आढळतात. म्हणून त्या प्रश्नाचे उत्तर आज थोडे विस्ताराने देण्याचे योजिले आहे.

यंत्राविषयी मला आदर आहे. आमच्या पिढीतील कितीतरी मध्यमवर्गीय घरांत पहिला कॅमेरा म्हणून आला तो बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये तयार होणारा आगफा क्लिक थ्री. एकशेवीसच्या रोलवर बारा चौकोनी छायाचित्रे, एक साधे भिंग आणि निवडीला अगदी मोजका वाव, एवढ्या सामग्रीवर बारशी, मुंजी, साखरपुडे आणि नर्मदेच्या सहली यांचे चित्रण निर्वेधपणे पार पडे. निवड करण्याजोगे कॅमेऱ्यात फारसे काही नसल्यामुळे सारे लक्ष समोरच्या प्रकाशाकडे द्यावे लागे: सूर्य कोणत्या बाजूस आहे, भुवयांची सावली डोळ्यांवर उतरते आहे काय, मंडळी भिंगाच्या फार निकट तर आली नाहीत ना, याची खातरजमा केल्यावाचून बोट खटक्याकडे जात नसे. पुढे जपानी कॅमेरे हाती आले, भिंगे बदलता येऊ लागली, प्रकाशमापक कॅमेऱ्याच्या पोटातच बसला, आणि आता तर फिल्मची जागा संवेदकाने घेतली. या प्रत्येक सुधारणेचे मी मनापासून स्वागत केले. कारण देवघरातील समईच्या उजेडात पोथी वाचणाऱ्या वृद्धेचा चेहरा टिपणे पूर्वी जवळजवळ अशक्य होते, ते आता कोणालाही सुसाध्य झाले आहे. मात्र त्या समईजवळ जाऊन बसावे, ही बुद्धी कोणत्याही यंत्रासोबत विकत मिळत नाही.

फिल्मच्या दिवसांतील टंचाईने आम्हांला एक शिस्त लावली. परदेशी माल दुर्मीळ आणि महाग असे. उटकमंडला १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची 'इंदू' फिल्म हाच अनेकांचा आधार होता. रोल दुकानात धुवायला टाकणे परवडत नसे, म्हणून न्हाणीघराचीच अंधारखोली व्हायची. कृष्णधवल फिल्मच्या डेव्हलपरसाठी वीस अंश तापमान इष्ट मानतात, आणि वैशाखात जबलपूरच्या गच्चीवरील टाकीचे पाणी दुपारी हातावर घेववत नाही. तेव्हा मोठ्या परातीत बर्फाचे खडे पसरून त्यांत डेव्हलपरची बाटली, मधल्या धुण्याचे पाणी आणि चित्र पक्के करणारा हायपो ही तिन्ही शेजारी शेजारी उभी करावयाची आणि थर्मामीटरचा पारा तिन्हींत सारखा उतरेपर्यंत स्वस्थ बसून राहावयाचे, असा जाबता होता. कारण एका द्रावणातून दुसऱ्यात जाताना उष्णतेचा फरक फार पडला, तर फिल्मवरील जिलेटिनच्या थराला बारीक सुरकुत्या पडतात आणि त्या पुढे कोणत्याही उपायाने जात नाहीत. शेवटी वाहत्या पाण्याखाली हायपोचा अंशही उरू नये इतके धुणे झाले, म्हणजे ती फिल्म दोरीवर चिमट्याने टांगून खाली वजन लावले जाई, आणि तिच्यावरून ओघळणाऱ्या थेंबांमागे घरातल्या माणसांचे काळे-पांढरे उलटे चेहरे प्रथम दिसत. त्या चेहऱ्यांकडे जितक्या सावकाश पाहिले जाई, तितक्या सावकाश आपण जवळच्या माणसांकडे एरवी क्वचितच पाहतो.

प्रकाशाचे शास्त्र आमच्या शहराला भेडाघाटच्या कड्यांनी शिकवले. पंचवटी घाटावरून नाव निघते, नावाडी दोन्ही तीरांच्या खडकांचे यमकबद्ध वर्णन आपल्या ठसकेबाज आवाजात सुरू करतो, आणि नवखा छायाचित्रकार त्या शुभ्र भिंती पाहून हर्षभराने खटके मारू लागतो. घरी येऊन पाहतो तो संगमरवर मळकट करडा उतरलेला. याचे कारण असे की प्रकाशमापक समोरच्या प्रत्येक वस्तूला मध्यम करड्या रंगाची समजूनच हिशेब करतो, त्यामुळे शुभ्र खडकाला त्याने सुचवलेल्यापेक्षा दीड-दोन स्टॉप अधिक प्रकाश द्यावा लागतो. धुवाँधार धबधब्याजवळ तुषारांची अडचण निराळी. तेथे भिंगापुढे साधे काचेचे फिल्टर आणि खिशात स्वच्छ मलमलीचा तुकडा असल्यावाचून जाऊ नये. पावसाळ्यात नौकाविहार बंद असतो आणि कॅमेऱ्यांचा खरा शत्रू घरातच जन्म घेतो, तो म्हणजे भिंगावरील बुरशी. हवेतील ओल धरून ठेवणाऱ्या चामडी आवरणातून कॅमेरा बाहेर काढून, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणे आणि अधूनमधून त्याचा उपयोग करणे, हाच त्यावरील उतारा आहे. वापरात असलेला जुना कॅमेरा कपाटात जपलेल्या नव्या कॅमेऱ्याहून अधिक काळ निरोगी राहतो, असा माझा अनुभव आहे.

याच प्रांतात दीडशे वर्षांपूर्वी ज्यांनी कॅमेरे फिरवले, त्यांचे कष्ट आठवले म्हणजे आपल्या तक्रारी आपोआप गळून पडतात. पुरातत्त्व खात्याचे अलेक्झांडर कनिंगहॅम आणि त्यांचे साहाय्यक जे. डी. बेगलर यांनी १८७३-७४ च्या सुमारास मध्य प्रांताचा दौरा केला. तो काळ ओल्या काचपट्टीचा: काचेवर कलोडियनचा थर चढवून, तो ओला असतानाच चित्र घेऊन, सुकण्यापूर्वी ते तंबूतील अंधारात धुवावे लागे, आणि मध्य भारतातील उन्हात त्या थराला सुकावयास वेळ तो कितीसा लागणार! काचपट्ट्या, रसायनांच्या बाटल्या, तिपाई आणि तंबू यांचा एवढा सरंजाम बैलगाडीत घालून त्या पिढीने मंदिरे, शिलालेख आणि भग्न मूर्ती यांची नोंद केली, म्हणून कोणती भिंत केव्हा उभी होती याचा निवाडा आज अभ्यासकांना करता येतो.

येथे मला जे सांगावयाचे आहे त्याच्या मुळाशी आपण येतो. देवळांची आणि राजवाड्यांची चित्रे सरकारी दप्तरांनी जतन केली. आपल्या घरांचे, गल्ल्यांचे आणि रोजच्या व्यवहारांचे दप्तर कोणी ठेवावे? १९३९ च्या मार्चमध्ये जबलपूरजवळ त्रिपुरी येथे काँग्रेसचे बावन्नावे अधिवेशन भरले, बावन्न हत्तींची मिरवणूक निघाली, सुभाषबाबूंनी तीव्र आजारातही अध्यक्षपद सांभाळले, आणि त्या प्रसंगाची आठवण म्हणून उभारलेले कमानिया फाटक आजही बाजाराच्या गर्दीत उभे आहे. पुढाऱ्यांची चित्रे ग्रंथांतून छापलेली आहेत. परंतु हजारो प्रतिनिधींसाठी पेटलेल्या चुलींजवळ कोण बसले होते, पीठ कोणी मळले, पाणी कशातून आले, हे दाखवणारे एखादे चित्र कोणाच्या आजीच्या ट्रंकेत निघाले, तर मी ते हत्तींच्या चित्राहून मोलाचे समजेन.

जबलपूरच्या मराठी कुटुंबांपुरते बोलावयाचे, तर आमचे माहेर-सासर ज्या गाडीने जोडले, ती गोंदियाची अडीच फुटी रुळांची छोटी गाडी २०१५ साली जबलपूरच्या बाजूने बंद झाली, आणि त्या मार्गावर आता मोठी गाडी धावते. प्रवास सुखाचा झाला, हे निर्विवाद आहे. परंतु हाऊबाग स्थानकावर पहाटे लोणच्याच्या बरण्या सांभाळीत उभ्या असलेल्या बायका, ग्वारीघाटाजवळ नर्मदामैयाला हात जोडणारे प्रवासी, डब्यातल्या लाकडी बाकावर पत्त्यांचा डाव मांडणारी कारखान्यातली मंडळी, हे सारे ज्याने कोणी साध्या कॅमेऱ्याने टिपले असेल, त्याने या शहरावर उपकार केले आहेत. आपल्या दादासाहेब फाळक्यांचे उदाहरण या संदर्भात मला नेहमी आठवते. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या आणि गोध्र्याला छायाचित्रणाचा व्यवसाय केलेल्या या पुरुषाने 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी भांडवलदारांची खात्री पटवण्यासाठी जे चित्र तयार केले, त्याचा विषय कुंडीतील वाटाण्याचे रोप हा होता. रोज थोडे थोडे चित्रण करून त्यांनी अंकुर फुटून वेल वाढताना दाखवला. घरातील खिडकीजवळची कुंडी ज्या डोळ्याला चित्राचा विषय वाटली, त्याच डोळ्याने पुढे एवढा मोठा उद्योग उभा केला.

साध्या चित्राचे मूल्य मला प्रत्यक्ष दिसले ते १९९७ च्या भूकंपानंतर. २२ मेच्या पहाटे धरणी हादरली आणि जुन्या शहरातील कित्येक घरांच्या भिंती फाटल्या. आमच्या परिचयातील एका कुटुंबाचा रस्त्यावरील लाकडी सज्जा कोसळून त्याचे तुकडे झाले होते, आणि तो पूर्ववत करण्याची घरच्या आजीची इच्छा होती. नकाशा कोठेही नव्हता. तेव्हा एका बारशाचे चित्र बाहेर आले: पुढे पाळणा, भोवती नऊवारीतल्या आत्या-मावश्या, आणि त्यांच्या डोक्यांवर, चित्र घेणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसताना, त्या सज्जाचे तीन खांब, कमळाच्या पाकळ्यांसारखे कोरलेले त्यांचे माथे आणि कठड्यावर वाळत घातलेली एक घोंगडी. ते चित्र भिंगाखाली धरून सुताराने खांबांचे माप बाळाच्या पाळण्याच्या उंचीवरून काढले. बारशासाठी घेतलेले चित्र घराचा दाखला म्हणून कामास आले.

माझी सारी नोकरी कागदपत्रांच्या दप्तरात गेली, त्यामुळे दाखला कशाने ग्राह्य ठरतो हे मला व्यवसायानेच ठाऊक आहे. ज्या कागदावर तारीख नाही, स्थळ नाही, कोणाची ओळख नाही, तो कितीही सुवाच्य असला तरी फाइलीत निरुपयोगी पडून राहतो. आपल्या घरोघरच्या छायाचित्रांची हीच अवस्था आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांतील रंगीत चित्रे तांबूस पडत चालली आहेत, कारण त्यांतील निळसर रंगद्रव्य आधी विरते. चिकट पानांच्या अल्बमांनी पुष्कळ चित्रांना कायमचे धरून ठेवले आहे. आणि या सर्वांहून मोठी हानी अशी की मागच्या रांगेत डावीकडून दुसरा कोण, हे सांगू शकणारे माणूस घरोघरी एकेक करून निघून जात आहे. रसायनाने पुसट झालेले चित्र संगणकावर बरेचसे सावरता येते. विस्मृतीत गेलेले नाव सावरण्याचे यंत्र अद्याप निघालेले नाही. मोबाइलमधील हजारो चित्रांनाही हाच न्याय लागू आहे: त्यांतील वर्षातली मोजकी निवडून, नाव-गावासह दोन ठिकाणी साठवून, थोडी कागदावर छापून घेतली नाहीत, तर फोनबरोबर तीही जातील.

तेव्हा "कॅमेरा कोणता घेऊ?" या प्रश्नाला माझे उत्तर असे. परवडेल तो घ्या, जुना मिळाला तर संकोच न करता घ्या, आणि त्याची कळ अन् कळ अंधारातही बोटांना सापडेल इतका तो वापरा. भेडाघाटला अवश्य जा. पण त्याआधी आपल्या गल्लीतला इस्त्रीवाला, गच्चीवर वाळणारे सांडगे, आईचा ओटा आणि वडिलांचे टेबल यांची चित्रे, आज ती जशी आहेत तशी, आवराआवर न करता घ्या. आणि ज्यांना कॅमेऱ्याची मुळीच हौस नाही, त्यांनाही माझी एक विनंती आहे. येत्या रविवारी चित्रांची जुनी पेटी काढून घरातील सर्वांत वडीलधाऱ्या माणसाशेजारी बसा, आणि प्रत्येक चित्राच्या पाठीमागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, माणसांची नावे, गाव आणि साल लिहून ठेवा. बॉलपेन वापरू नका. त्याचा दाब पुढच्या बाजूस उमटतो. हे काम पुढल्या दिवाळीवर टाकू नका.