दिवा लागला नाही म्हणून

मोटारसायकल मोकळ्या रस्त्यावर झकास पळते, पण गर्दीत हळू चालवताना आचके देते आणि सिग्नलला बंद पडते. ही तक्रार सांगितली की हल्ली पहिला प्रश्न येतो, "इंजिनचा दिवा लागलाय का?" नाही म्हटले, की "मग गाडीत दोष नाही, पेट्रोल खराब असेल!" हे निदान मला मुळीच मान्य नाही.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर गेला, इंजेक्टर आला. पेट्रोल किती फवारायचे हे आता संगणक ठरवतो. पण सेन्सर सांगतील तेवढेच त्याला कळते. थ्रॉटल बॉडी आणि इंजिन यांमधल्या रबराला बारीक चीर पडली, की तेथून हवा चोरून शिरते. वेगात इंजिन भरपूर हवा ओढते, त्यात ही चिमूटभर हवा खपून जाते. संथ गतीत झडप जवळजवळ मिटलेली. तेव्हा तीच चिमूट मिश्रणाचा तोल बिघडवते. दिवा मात्र बरेचदा लागतच नाही. टॅपेट जास्त आवळलेले असले, थ्रॉटल बॉडीत काजळी साचली, तरी तेच.

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने ही उठाठेव का करावी, असे मित्र विचारतात. अहो, बिल आपणच भरतो ना! तेव्हा आधी प्लग, एअर फिल्टर, ते रबर, काजळी आणि टॅपेट तपासायला सांगावे. महागड्या सेन्सरचा विषय त्यानंतर.