खानेसुमारी आणि पणजोबा

खानेसुमारीच्या कागदांत पणजोबांचें नांव सांपडेल काय, असें कल्याणच्या एका वाचकभगिनींनीं पुसलें आहे. सांपडणार नाहीं. इंग्लंडांत शंभर वर्षांनीं घरोघरच्या याद्या खुल्या होतात. १९२१ च्या २०२२ सालीं झाल्या. आपल्याकडे आंकडे काढून झाले कीं मूळ कागद नष्ट करीत, आणि १९४८ च्या कायद्यानें नोंदी पाहण्यासहि बंदी आहे. १८८२ च्या ठाणें गॅझेटियरांत कल्याणची लोकसंख्या आहे, माणसें नाहींत! माणसें हवीं तर नाशिक-त्र्यंबकेश्वरीं आपल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहाव्या. यात्रेस आलेल्या पूर्वजाचें हस्ताक्षर, मूळ गांव, भाऊ-मुलगे तेथें मिळतात. जुना लेख पुष्कळदां मोडींत असतो. घरांत मोडी वाचणारें वृद्ध माणूस असेल, तर त्यांचे पाय चालतात तोंवरच त्यांस बरोबर न्यावें.