घरशाळा काढण्याआधी

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवावे, असे काही आईवडिलांना वाटते. सुरुवात कुठून करावी, असे कोणी विचारले की मी उलट विचारतो, शिकवणार कोण? बहुतेक घरांत उत्तर एकच, मुलांची अम्मी. मग तिची घरकामे रोज दोन तास कोण करणार, हे अब्बूंनी आधी ठरवावे.

साहित्य फार लागत नाही. बालभारतीची मराठी आणि उर्दू पुस्तके संकेतस्थळावर मोफत मिळतात. सहा वर्षांखालच्या मुलाला तीही नकोत. त्याच्याशी घरच्या बोलीत, दखनी असो वा कोकणी, भरपूर बोला, गोष्टी सांगा, वाट्यांनी तांदूळ मोजायला लावा. वाचन-लेखन त्यावरच उभे राहते.

कायद्याचे भान हवे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयासाठी शाळाच गृहीत धरली आहे. घरशाळेची वेगळी तरतूद त्यात नाही. दहावी मात्र राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, १४ वर्षे पूर्ण झाल्यावर देता येते.

पण केवळ "बाहेरचे वातावरण नको" म्हणून कोणी घरशाळा काढत असेल, तर मला ते पटत नाही. शाळेत दुसऱ्या धर्माचे मूल शेजारी बसते, डबा वाटून खाते. तो शेजार घरात कुठून आणणार? त्यासाठी रोज मैदान हवे, वाचनालय हवे, सर्व जातीधर्मांचे सवंगडी हवेत. एवढे जमणार नसेल, तर जवळची जिल्हा परिषदेची शाळाच बरी.