नानांचा कान

दीपनगरात पूर्ण शांतता कधीच नसते. कॉलनी झोपली तरी वीज केंद्राची घरघर चालू असते. वीज पन्नास सायकलची आणि ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो त्याच्या दुप्पट, सेकंदाला शंभर कंपनांनी. पाहुण्यांना पहिल्या रात्री झोप लागत नाही. आम्हाला परगावी गेल्यावर लागत नाही.

गेल्या शनिवारी याच आवाजाच्या सोबतीने आम्ही आठ-दहा जणांनी गच्चीवर मणी कौल यांचा 'ध्रुपद' पाहिला. भिंतीवर पांढरी चादर, मागून आणलेला प्रोजेक्टर, आणि आधी पोटभर भरीत-पुरी. बहात्तर मिनिटांचा हा माहितीपट १९८२चा, म्हणजे आपला २१० मेगावॉटचा तिसरा संच सुरू झाला त्याच वर्षीचा. झिया मोहिउद्दीन डागर यांची रुद्रवीणा आणि धाकटे बंधू झिया फरीदुद्दीन यांचं गाणं. थोरल्यांनी पनवेलजवळ पळस्प्याला गुरुकुल केलं, म्हणून मला ते आपल्याकडचेच वाटतात. कौल स्वतः डागरांकडे शिकले होते, आणि ते प्रत्येक दृश्यात कळतं. कॅमेऱ्याला घाई नाही. तो जुन्या वास्तूंच्या दगडांवरून सरकतो, बोटांवर थांबतो आणि सूर संपायची वाट बघतो.

संगीतकाराच्या हातचा असाच एक दुर्मिळ चित्रपट म्हणजे बॉब डिलनचा 'ईट द डॉक्युमेंट'. १९६६च्या दौऱ्याचं चित्रण त्याने हॉवर्ड आल्कला सोबत घेऊन स्वतः कापलं-जोडलं, आणि ज्या वाहिनीसाठी केलं त्या एबीसीने ते नाकारलं. त्यात गाणं रंगात येतं न येतं तोच तुटतं. दोघांचे रस्ते उलटे, पण सरळसोट मैफल दाखवून मोकळं व्हायचं नाही, ही जिद्द सारखीच. मला कौलांचा रस्ता जवळचा वाटतो.

असे चित्रपट पुण्या-मुंबईतल्या जाणकारांपुरते असतात, खान्देशात कोण बसणार, असं मला अनेकांनी ऐकवलं होतं. मला ते कधीच पटलं नाही, आणि त्याचं कारण आमचे नाना. नानांची तीस वर्षं टर्बाईनवर गेली. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं, मूठ कानाशी दाबायची आणि डोळे मिटायचे. मीटरचा काटा हलण्याआधी नाना सांगायचे, "हे बेअरिंग बोलायला लागलंय." आवाजातला एवढासा फरक टिपण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला आलाप संथ कसा वाटेल?

दहाव्या मिनिटाला दोन तरुण इंजिनीअरांचे हात मोबाईलकडे गेले. नाना मात्र खुर्चीच्या कडेवर आले होते. वीणेवर एक मींड सुरू होती. बोट एकाच पडद्यावर, तार बाजूला खेचली जातेय आणि एका आघातातून सूर पुढे पुढे निघालाय. उस्तादांनी मुद्दाम मोठे भोपळे आणि जाड तारा लावून घेतल्या होत्या, त्यामुळे तो नाद विरता विरत नाही. नानांनी हात वर केला.

"थांब भो. मागे घे जरा."

मी मागे घेतलं. तीनदा घेतलं.

"आता बघ. सूर तोच आहे, पण वजन बदललं. ऐकू आलं?"

मला तिसऱ्यांदा ऐकू आलं. इतकी वर्षं हा माहितीपट मी जपून ठेवलाय, पण ती जागा माझ्या कानावरून निसटत होती. इंजिनीअर पोरांनी मोबाईल खिशात टाकले आणि खुर्च्या स्पीकरजवळ ओढल्या.

शेवटी कॅमेरा मुंबईवर येतो. उंच इमारती, मग झोपड्यांची छपरं, छपरांमागून छपरं. चादर पुन्हा पांढरी झाली तरी कुणी उठेना.

"यांची वीणा समोर बसून कुठे ऐकायला मिळेल?" नानांनी विचारलं.

उस्ताद १९९०मध्ये गेले, हे सांगताना मला जड गेलं. त्यांचे चिरंजीव बहाउद्दीन वाजवतात, हेही लगेच सांगितलं. नाना थोडा वेळ गप्प राहिले.

"मग पुढच्या शनिवारी हाच पुन्हा लाव. बॉयलरवाले दोघं आहेत, त्यांना घेऊन येतो."