धावणाऱ्यांची संघटना : उत्साह हवा, घटनाही हवी

पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या कडेने धावणाऱ्या तरुणांचे घोळके हे चिखलीसारख्या तालुक्याच्या शहरात आता नवलाचे दृश्य राहिलेले नाही. पोलीस शिपाई भरतीच्या ५० गुणांच्या मैदानी चाचणीत धावण्याला एकट्याला २० गुण आहेत. पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर. पुरेशी मैदाने नसल्याने हा सराव रस्त्यावर होतो. त्यांच्याच जोडीला रक्तदाब आणि मधुमेहाच्या धास्तीने धावू लागलेले शिक्षक, व्यापारी, डॉक्टर आणि गृहिणीही दिसतात. वाटेत ओळखी होतात, रविवारचे एकत्र धावणे ठरते आणि कोणाच्याही ध्यानात न येता एक गट तयार होतो.

या गटाचे पुढे काय होते, हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. जानेवारी २०२५ मध्ये बीड जिल्ह्यातील घोडका राजुरी येथे पोलीस भरतीचा सराव करणाऱ्या तीन तरुणांचा बसच्या धडकेत मृत्यू झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गडचिरोली जिल्ह्यातील काटली येथे पहाटे व्यायामासाठी बाहेर पडलेल्या चार मुलांचा ट्रकने बळी घेतला. अशा दुर्घटनांनंतर वाहनचालक आणि रस्ता यांची चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी. मात्र, एकत्र धावणाऱ्यांनी आपली व्यवस्था कशी लावावी, कोणी कशाची जबाबदारी घ्यावी, हा प्रश्न मागेच राहतो.

महाराष्ट्राला लांब पल्ल्याच्या शर्यती नव्या नाहीत. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ मध्ये सुरू झाली. २००४ च्या मुंबई मॅरेथॉननंतर मात्र सामान्य नोकरदार माणूसही धावण्याकडे वळला. ही लाट पुढे जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोहोचली. साताऱ्यात २०१२ पासून स्थानिक धावपटूंच्या संस्थेने यवतेश्वर घाटातील अर्धमॅरेथॉन रुजवली आणि राज्यभरातून हजारो धावपटू तेथे येऊ लागले. महानगराबाहेरच्या स्वयंसेवकांनाही मोठे आयोजन पेलता येते, हे त्यातून सिद्ध झाले. तेव्हापासून ‘आपल्या गावातही मॅरेथॉन’ हा प्रत्येक लहान गटाचा मनसुबा असतो.

पैसा आला, प्रश्न आले

गट केवळ धावतो तोवर त्याला अध्यक्ष लागत नाही. जो आधी उठतो, तो मार्ग ठरवतो. शर्यत भरवायची म्हटले की, चित्र बदलते. प्रवेश शुल्क जमा होते, प्रायोजक येतात, पदके आणि टी-शर्ट यांची ऑर्डर दिली जाते. गटाला कायदेशीर अस्तित्व नसल्यास हे सारे व्यवहार कोणा एकाच्या नावावर आणि बहुधा त्याच्याच बँक खात्यातून होतात. हिशेब चोख असला तरी संशयाला जागा राहते. तोटा झाला तर तो त्याच्या माथी येतो आणि शर्यतीत अपघात झाला तर पोलिसांपुढेही त्यालाच उभे राहावे लागते. प्रायोजकाने टी-शर्टवर आपली छबी छापण्याचा आग्रह धरला, तर नाही म्हणण्याचा अधिकार कोणाला, हेही ठरलेले नसते.

यावर कायद्यात वाट आहे. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० नुसार किमान सात व्यक्तींना एकत्र येऊन संस्था नोंदवता येते. सार्वजनिक हिताची अशी संस्था महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कक्षेतही येते. लोककल्याणासाठी करमणूक व फुरसतीच्या उपक्रमांच्या सोयी पुरवणे हाही या कायद्याने धर्मादाय हेतू मानलेला आहे. नोंदणीमुळे संस्थेच्या नावाने बँक खाते उघडता येते, वार्षिक हिशेब ठेवणे बंधनकारक होते आणि सभासदाला जाब विचारण्याचा हक्क मिळतो.

नोंदणीची दुसरी बाजू

नोंदणी केली की सारे सुरळीत झाले, असे समजणेही भाबडेपणाचे ठरेल. कार्यकारिणी बदलल्यास ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाकडे बदल अर्ज सादर करावा लागतो. येथेच वादाची बीजे पडतात. दोन गट, दोन सभा, दोन कार्यकारिणी आणि निकालाच्या प्रतीक्षेत पडून राहिलेले बदल अर्ज हे राज्यातील अनेक शिक्षणसंस्था आणि मंडळांचे जुने दुखणे आहे. पंचवीस-तीस जणांच्या धावण्याच्या गटाने हे ओझे पहिल्याच वर्षी अंगावर घेण्याची गरज नाही.

त्यामुळे क्रम महत्त्वाचा ठरतो. सुरक्षेचे नियम पहिल्या दिवसापासून हवेत. नोंदणी पैशाचा व्यवहार सुरू होण्यापूर्वी हवी. चमकदार पट्ट्यांचे जाकीट, समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने धावणे, शेवटच्या धावपटूसोबत एक जाणकार, प्रत्येकाच्या घरचा संपर्क क्रमांक आणि महिला सभासदांना तक्रार मांडता येईल अशी ठरलेली व्यक्ती, एवढ्या गोष्टींना कोणतेही कार्यालय लागत नाही. त्या एका कागदावर लिहून सर्वांनी मान्य केल्या म्हणजे पुरे.

पदांपेक्षा कामे

२००४ मध्ये लंडनच्या बुशी पार्कमध्ये अवघ्या १३ धावपटूंनी सुरू केलेला ‘पार्करन’ हा उपक्रम आज अनेक देशांत दर आठवड्याला होतो. सहभागींकडून शुल्क घेतले जात नाही आणि प्रत्येक ठिकाणचे आयोजन स्वयंसेवक करतात. त्यांच्या रचनेतून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे पदांपेक्षा कामांना दिलेले महत्त्व. त्या दिवसाचा संचालक, वेळनोंदणी करणारा, वळणावर उभा राहणारा, सर्वांच्या शेवटी चालणारा, अशी कामे ठरलेली असतात आणि माणसे बदलत राहतात. आपल्याकडे नेमके उलटे घडते. माणूस तोच राहतो आणि सारी कामे त्याच्याभोवती गोळा होतात. त्याची बदली झाली, तो आजारी पडला किंवा रुसला की गट विस्कटतो.

सभासद कोण, मताचा अधिकार कोणाला, पदाची मुदत किती, खात्यावर सह्या कोणाच्या आणि हिशेब कधी मांडायचा, या पाच प्रश्नांची लेखी उत्तरे असतील तर व्यक्ती गेली तरी संस्था उरते. त्यासाठी फार लांब पाहण्याचे कारण नाही. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. संस्थापकांची पिढी गेली. मंडळ शंभरी ओलांडून उभे आहे.

चिखलीच्या रस्त्यांवर पहाटे धावणाऱ्यांना पदके आणि मॅरेथॉन मिळतील तेव्हा मिळतील. पण भरतीची स्वप्ने पाहणारा एखादा मुलगा किंवा मुलगी अंधारात एकट्याने धावणार नाही, एवढी हमी देणारी शिस्त त्यांना आजच उभारता येईल. नगर परिषदेकडे मैदान मागायचे झाले तरी मागणाऱ्यांच्या मागे एक संघटना असावी लागते. उत्साहाच्या जोरावर गट सुरू होतो. तो टिकवायचा असेल तर त्याला घटना लागते.